दाढीवाल्याचं तिसरं नाणं

"सर, काय दाखवू?" टेबलामागच्या नाणेवाल्याने विचारलं. विचारलं माझ्या नवऱ्याला.

टेबलाला चिकटून मी उभी होते. भिंग माझ्या गळ्यात होतं, यादी माझ्या हातात होती. नवरा माझ्या मागे दोन पावलांवर, एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात माझा कोट घेऊन उभा. "आय ॲम जस्ट होल्डिंग द कोट," तो म्हणाला. नाणेवाला हसला आणि तरीही त्याच्याकडेच बघत राहिला. अकरा वर्षं मी डेट्रॉइटच्या आसपासच्या प्रत्येक नाणेप्रदर्शनाला जातेय, आणि अकरा वर्षं हे असंच चाललंय. ह्या छंदातले बहुतेक लोक पांढऱ्या दाढीचे गोरे आजोबा. साठी उलटलेली, कुंकू लावणारी बाई म्हणजे कुणाची तरी बायको, एवढंच त्यांना सुचतं.

"तुमच्या यादीत काल एक चांदीचं रोमन नाणं होतं," मी म्हटलं. "मागे दोन हात एकमेकांत धरलेले. पुढे दाढीवाला सम्राट."

"ओ, ते?" आता कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. "दहा मिनिटांपूर्वी गेलं. एक गृहस्थ आले, थेट तेच मागितलं, घेऊन गेले."

दहा मिनिटं. प्रदर्शन दहाला उघडणार होतं आणि मी साडेनऊला दारात असणार होते. पण वाटेत नवऱ्याला कॉफी हवी होती, आणि प्रदर्शन ज्या हॉटेलात असतं तिथली कॉफी त्याला चालत नाही, म्हणून आम्ही हायवे सोडून वळलो होतो. मी मागे वळून त्याच्या हातातल्या कपाकडे पाहिलं. त्याने तो हळूच खाली घेतला.

ह्या नाण्यासाठी एवढा जीव का जाळायचा, हे सांगायला हवं. मी डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये गाडीचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होते. आयुष्यभर व्हर्नियर घेऊन सुटे भाग मोजले. तिथल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत खिशातून एक काळपट नाणं काढून माझ्यापुढे ठेवलं. "मेजर दिस," म्हणाला. मी मोजलं. व्यास एका बाजूने एक, दुसऱ्या बाजूने दुसराच. कडा फाटलेली, छाप मध्याला नाही. आमच्याकडे असा भाग आला असता तर मी लाल चिठ्ठी लावून परत पाठवला असता. पण त्या वेड्यावाकड्या चांदीच्या तुकड्यावर एका गुबगुबीत माणसाचा चेहरा होता. एक हनुवटी, तिच्याखाली आणखी एक हनुवटी, डोक्यावर सूर्याच्या किरणांसारखा मुकुट. आणि उलट्या बाजूला हस्तांदोलन करणारे दोन हात. कोणाचे हात, हे मी विचारलं आणि तिथेच अडकले.

अठराशे वर्षांपूर्वी रोमच्या सिनेटने दोन वयस्क गृहस्थांना एकाच दिवशी, सारख्या अधिकाराने गादीवर बसवलं होतं. त्यांची नावं मला अजूनही नीट उच्चारता येत नाहीत. आमच्या घरात एक 'गुबगुब्या' आणि दुसरा 'दाढीवाला'. दाढीवाला लष्करातून वर आलेला, उभ्या चेहऱ्याचा, छातीपर्यंत दाढी. गुबगुब्या खानदानी. दोघांनी आपापल्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली आणि सगळ्यांच्या मागे तेच दोन हात. प्रत्येकाची तीन तऱ्हेची, मिळून सहा. हातांभोवतीची अक्षरं तेवढी बदलतात. एकावर एकोपा, एकावर परस्पर विश्वास, एकावर परस्पर प्रेम, अशी. माझ्या सहकाऱ्याने निवृत्त होताना ते पहिलं नाणं मला देऊन टाकलं. पुढची चार मी एकेक करून शोधली. गुबगुब्याची तिन्ही झाली, दाढीवाल्याची दोन. राहिलं होतं त्याचं तिसरं, ज्याच्यावर 'परस्पर जिव्हाळा' असं कोरलेलं असतं. ते बाजारात येतच नाही असं नाही. पण माझ्या आवाक्यातलं यायचं ते झिजलेलं, दाढीऐवजी नुसता डाग उरलेलं. हे तसं नव्हतं. आदल्या दिवशी यादीतला फोटो मी वीस वेळा तरी मोठा करून पाहिला होता. दाढीचा केस न् केस दिसत होता.

टेबलापासून वळले तर पुढच्याच रांगेत आमचे डॉक्टर उभे.

डॉक्टर म्हणजे नवऱ्याचे मित्र. मूळचे नागपूरचे, इथे चाळीस वर्षं भूल देण्याचं काम केलं, आता निवृत्त. आमच्या घरापासून गाडीने सात मिनिटांवर राहायचे. त्यांची बायको, जिला मी ताई म्हणायचे, आदल्या वर्षी गेली होती. नाणेप्रदर्शनात त्यांचं काहीएक काम नव्हतं. हातात एक छोटं पाकीट होतं आणि ते लांबूनच हलवत होते.

"वहिनी! बघा काय मिळालं!"

मला बघायची गरज नव्हती. "डॉक्टर," मी म्हटलं, "हे मी शोधत होते. अकरा वर्षं."

"माहीत आहे ना बाप्पा! म्हणूनच तर आलो सकाळी सकाळी."

"मग द्या मला. तुम्ही जे दिलेत ते मी देते."

"असं कसं?" ते खरंच चकित झाल्यासारखे दिसले. "माझं पहिलंच नाणं आहे हे. पहिलं नाणं कोणी विकतं का?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे बघत होता. परतताना हायवेवर मी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. ताई गेल्यापासून डॉक्टर रोज संध्याकाळी सहा वाजता फोन करत. नवरा फोन स्पीकरवर टाकून भाजी चिरायचा आणि दोघं काहीबाही बोलत बसायचे. शुक्रवारी डॉक्टरांनी विचारलं, उद्या काय. ह्याने सांगितलं, उद्या हिचं नाणं. कुठे, किती वाजता, कोणत्या टेबलावर, सगळं सांगितलं.

"तू त्यांना टेबल नंबरसुद्धा सांगितलास?"

"ते विचारत होते."

"आणि मग कॉफी प्यायला थांबलास."

"यार, मला काय माहीत ते विकत घेतील? मला वाटलं, त्यांना तेवढाच विषय."

घरापर्यंत मी बोलले नाही. मग घरी आल्यावर पुष्कळ बोलले.

डॉक्टरांनी ते नाणं मला दिलं नाही. विकलं नाही, बदल्यात दुसरं घेतलं नाही, उसनंही दिलं नाही. मी फोनवर विचारलं, समोर बसून विचारलं, नवऱ्याकरवी विचारलं. दर वेळी एकच उत्तर: "जिव्हाळा माझ्याकडे आहे वहिनी. बघायचा असेल तर रविवारी या. पोहे करतो."

जायचं नाही असं मी ठरवलं. दोन रविवार नवरा एकटा गेला. तिसऱ्या रविवारी मी गेले, कारण नवऱ्याने येऊन सांगितलं की डॉक्टर ते नाणं देवघरात ठेवतात, प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढून, बाळकृष्णाच्या शेजारी. उदबत्तीचा धूर, तेल, हळदीकुंकवाची बोटं!

खरंच तिथेच होतं. मी ते कडेने उचलून पाकिटात घातलं, त्यांना समोर बसवलं आणि नाणं कसं धरायचं ते शिकवलं. कडेला दोन बोटं, खाली मऊ कापड, तोंड जवळ नेऊन बोलायचं नाही. ते शहाण्या मुलासारखे मान डोलवत होते. मग उठून स्वयंपाकघरात गेले, चिवडा घेऊन आले, आणि त्याच हाताने नाणं पुन्हा बाहेर काढलं.

"डॉक्टर! हात!"

"अरे हो, हो." त्यांनी हात पायजम्याला पुसले.

असे दीड वर्ष रविवार गेले. दर रविवारी मी त्यांना बोलायचे आणि दर रविवारी ते हात पायजम्याला पुसायचे. पोहे बरे करायचे, पण शेंगदाणे घालायचे आणि नागपूरकडे असेच करतात म्हणून वाद घालायचे. नवरा आणि ते हवामानावर, गुडघ्यांवर, भारतातल्या राजकारणावर बोलत. मी भिंग लावून नाणं बघत बसे. पाचदहा मिनिटं मला ते बघायला मिळे. मग डॉक्टर हात पुढे करत, "आणा इकडे," आणि ते परत त्यांच्या खिशात जाई.

"तुमची पाच घेऊन या ना एकदा," ते म्हणत. "सहाच्या सहा एका ओळीत लावू. टेबल मोठं आहे माझं."

"नाही आणणार," मी म्हणे.

"का?"

"तुम्ही आणा तुमचं एक माझ्याकडे."

"मी का आणू? मी म्हातारा माणूस. बर्फात गाडी काढत नाही."

ते माझ्याहून आठच वर्षांनी मोठे होते, आणि मंदिरात, भारतीय किराणा दुकानात, लायब्ररीत बर्फातूनच जात होते. पण मीही नेली नाहीत. पाच नाण्यांचा डबा हातात धरावा आणि गाडीत बसावं, एवढंच करायचं होतं. त्यांना तो आनंद द्यायचा नव्हता मला. आज कबूल करते, कारण आता कबूल केल्याने काही बिघडत नाही: ते आडमुठे होते, आणि मी त्यांच्याहून जास्त होते. सात मिनिटांच्या अंतरावर दीड वर्ष ती सहा नाणी होती आणि एकदाही एकत्र आली नाहीत.

मग जानेवारीत डॉक्टर ड्राइव्हवेवर घसरले. हाड मोडलं नाही, पण टपालपेटीपाशी अर्धा तास पडून राहिले. त्यांची मुलगी दूर दक्षिणेत, प्लेनोला राहते, वकील आहे, इथेच जन्मलेली. ती दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आली आणि आठवड्याभरात घर आवरायला काढलं. "नो मोर विंटर्स, बाबा," एवढंच म्हणाली. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी बोलेन म्हणून. मला काय बोलायचं होतं? टपालपेटीपाशी आम्ही नव्हतो, हे खरंच होतं.

मी तीन दिवस खोकी भरायला गेले. ताईच्या साड्या मी घड्या घालून ठेवल्या, देवघरातली चांदीची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली. निरांजन, वाट्या, अत्तरदाणी, सगळी काळी पडली होती. ताई दर दिवाळीला ती लख्ख घासायची. प्रत्येक खोक्यावर मी मार्करने काय आहे ते लिहिलं. आणि तिन्ही दिवस मनात एकच: आता तरी देतील. माणूस घर सोडून जातोय, तीस वर्षांचं सामान वाटून टाकतोय, झाडाच्या कुंड्या शेजाऱ्यांना, बर्फ काढायचं मशीन पलीकडच्या कोरियन जोडप्याला. एक नाणं देतील.

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी नवऱ्याला मिठी मारली. मला म्हणाले, "वहिनी, फार केलंत." मग कोटाच्या खिशावर थोपटलं. "जिव्हाळा माझ्याबरोबर येतोय बरं का. आता विमानाने यावं लागेल तुम्हाला."

ते हसत होते. मी हसले नाही. विमानतळावर सोडायला नवरा गेला, मी गेले नाही. घरी येऊन डबा उघडला आणि पाच नाण्यांकडे बघत बसले. सहावा खळगा रिकामा. मी तो डबा मुद्दाम सहा खळग्यांचा करवून घेतला होता, हाच काय तो मूर्खपणा.

प्लेनोहून रोज सहाला फोन येऊ लागला. तिकडे त्यांच्या घड्याळात पाच. घर मोठं आहे, म्हणायचे, इतकं मोठं की मुलगी घरात आहे की ऑफिसात ते कळत नाही. चालायला रस्ता नाही, कुठेही जायचं तर हायवे, आणि त्यांना आता कोणी गाडी चालवू देत नाही. ट्रेन आहे म्हणे, पण स्टेशनपर्यंत गाडीनेच जावं लागतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत असे आणि फोनजवळ जात नसे. ते विचारत, "वहिनी काय म्हणतायत?" नवरा म्हणे, "चिडलीय." ते म्हणत, "अजून?"

एक वर्ष गेलं. मार्चमध्ये नवऱ्याने मला न विचारता दोन तिकिटं काढली. त्यावरही आमचं भांडण झालं, पण तिकिटं परत होणारी नव्हती. मी डबा हँडबॅगेत घेतला. सिक्युरिटीपाशी तो उघडावा लागला. तिथल्या तरुण बाईने भिंगातून एक नाणं पाहिलं आणि विचारलं, हे दोन हात कोणाचे? इतक्या वर्षांत आपणहून हे विचारणारी ती पहिलीच. मी सांगायला लागले तोवर मागची रांग कुरकुरायला लागली.

डॉक्टर दारातच उभे होते. वजन उतरलं होतं. मुलगी ऑफिसातून घरी आली होती, तिने चहा ठेवला. आम्ही नीट बसलोही नव्हतो आणि डॉक्टर आत जाऊन एक लाल मखमली डबी घेऊन आले. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"घ्या वहिनी. तुमचं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं. कायमचं. पुरे झाली माझी गंमत."

मला खरंच भरून आलं. मी काहीतरी पुटपुटले आणि डबी उघडली.

आत नवा कोरा चमचा असावा तसं काहीतरी चमकत होतं.

मला क्षणभर कळेना. मग दाढी दिसली, मुकुट दिसला. अठराशे वर्षांत चांदीवर जो राखाडी थर बसतो, कडेला निळसर, खोलगट जागी काळा, ज्याच्यामुळे दाढीचा केस न् केस उठून दिसतो, तो सगळा गेला होता. सपाट पांढरा चकचकाट उरला होता. भिंग लावलं तर गालावर, कपाळावर, धरलेल्या हातांवर बारीक ओरखडे, सगळे गोल गोल, घासणाऱ्या हाताच्या गतीचे.

"कसं चमकतंय, बघा!" डॉक्टर म्हणाले. "काय काळं पडलं होतं!"

"डॉक्टर, हे काय केलंत?"

"घासलं ना. पेस्ट लावून. चांदीच्या भांड्यांची असते ती."

"कोणी सांगितलं होतं घासायला?" माझा आवाज चढला. नवऱ्याने माझ्या दंडाला हात लावला, तो मी झटकला. "दीड वर्ष तुमच्या घरी बसून मी काय शिकवत होते? बोट लावू नका म्हणत होते ना? बोट! आणि तुम्ही पेस्टने घासलंत? ह्याला अर्थ नाही उरला आता. खराब झालं हे. संपलं."

डॉक्टरांचे पुढे केलेले हात तसेच राहिले, मग त्यांनी ते मांडीवर ठेवले. चहा तयार झाला होता, पण कोणी उठलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला वाटलं, देताना नीट द्यावं," आणि आपल्या खोलीत गेले.

मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. ती इंग्रजीतच बोलते. रागावली नव्हती, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. म्हणाली, "मावशी, ही स्पेंट द होल वीक ऑन इट." आम्ही येणार कळल्यावर त्यांनी ताईच्या चांदीची खोकी उघडायला लावली होती. त्यात ताईचा घासायचा ब्रश आणि पेस्टची अर्धी उरलेली बाटली सापडली. मीच भरली होती ती खोकी, माझ्याच अक्षरात वर 'देवाची भांडी' लिहून. रोज सकाळी पेपर पसरून ते एकेक भांडं घासत बसले. सगळ्यात शेवटी नाणं. "ही वॉज सो प्राउड," ती म्हणाली.

मी काय सांगणार तिला? की त्याला किंमत नाही? की ह्या छंदात 'साफ केलेलं' हा शब्द शिवीसारखा वापरतात? मला राग येत होता आणि तो काढायला जागा नव्हती. डॉक्टरांवर काढून झाला होता. नवऱ्यावर काढावा तर तो बिचारा उठून चहा गाळत होता. कोपऱ्यातल्या देवघरात ताईची निरांजनं झगझगीत मांडलेली होती, आणि ती खरंच छान दिसत होती.

मी उठून डॉक्टरांच्या दारावर टकटक केलं. "डॉक्टर, बाहेर या. मी माझी पाच आणलीयत."

ते लगेच आले नाहीत. आले तेव्हा चष्मा बदलून आले. जेवणाच्या टेबलावर मी मऊ कापड पसरलं आणि सहा नाणी मांडली. वर गुबगुब्या तीनदा, खाली दाढीवाला तीनदा. पाच राखाडी आणि एक आरशासारखं. कुठल्याही प्रदर्शनात असं कोणी मांडलं असतं तर मी नाक मुरडून पुढे गेले असते.

डॉक्टर वाकले. मी त्यांच्या हातात भिंग दिलं. ते बराच वेळ अक्षरं बघत होते.

"हे शेवटी दोन 'जी' कशाला? चूक आहे का?"

"चूक नाही. सम्राटाच्या पदवीची तीन अक्षरं लिहायचे, ए, व्ही, जी. सम्राट दोन असले की शेवटचं अक्षर दोनदा."

"अच्छा! म्हणजे अनेकवचन." त्यांना ते फार आवडलं. "आणि हे दोघं? पुढे काय झालं ह्यांचं?"

दीड वर्ष रविवार, नंतर एक वर्ष फोन, आणि हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. मी नाणं बघायला जात होते. त्याबद्दल बोलायला नाही.

"तीन महिने टिकले," मी सांगितलं. "एकाच राजवाड्यात वेगवेगळ्या बाजूंना राहायचे. एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. शेवटी त्यांचेच पहारेकरी उलटले. दाढीवाल्याला आधी कळलं, तो म्हणाला, दुसरी पलटण बोलवू या. गुबगुब्याला वाटलं, हा ती माझ्यावरच घालणार. दोघं भांडत बसले आणि पहारेकरी आत आले."

"मारलं?"

"दोघांनाही."

डॉक्टर खुर्चीत टेकले आणि मोठ्याने हसायला लागले. "आणि इकडे जिव्हाळा छापतायत! परस्पर!" हसता हसता त्यांना खोकला आला. नवऱ्याने पाणी दिलं. "हे आधी सांगितलं असतंत ना वहिनी, तर नाणं तेव्हाच देऊन टाकलं असतं."

"का?"

"अशी भांडखोर माणसं देवघरात कशाला ठेवायची?"

मलाही हसू आलं, पण ते मी पूर्ण येऊ दिलं नाही. रागावून झालं होतं, राग गेला नव्हता. माफी मागावी असं मनात आलं. शब्द जुळवेपर्यंत ते मुलीला दोन 'जी'ची गंमत सांगायला स्वयंपाकघरात गेले होते, आणि मग जेवायची वेळ झाली. अजून मागितलेली नाही.

घरी आल्यावर मी कार्ड लिहिलं. प्रत्येक नाण्याचं माझ्याकडे एक कार्ड असतं: वजन, व्यास, कुठून आलं, अवस्था. अवस्थेपुढे 'साफ केलेलं' लिहिलं, मग तो शब्द बघवेना म्हणून कार्ड फाडलं, मग क्वालिटीवाल्या बाईने असं करू नये म्हणून तेच पुन्हा लिहिलं. जाणकार सांगतात की चांदी हवेत राहिली की हळूहळू पुन्हा काळवंडते. किती दिवसांत, विचारलं, तर दिवसांत नाही, म्हणाले. माझ्या हयातीत ते त्या पाचांसारखं दिसायची आशा नाही. नोव्हायच्या कोरड्या हिटरच्या हवेत तर नाहीच. तरी मी त्याचं प्लॅस्टिकचं पाकीट काढून ठेवलंय. तेवढंच हातात आहे.

डॉक्टर रोज फोन करतात. आता मीही जवळ बसते. "कसं आहे आपलं नाणं?" ते विचारतात. 'आपलं' म्हणतात, देऊन झाल्यावरही. "आहे," मी म्हणते. "मे महिन्यात येताय ना?" ते विचारतात, आणि नवरा माझ्याकडे न बघता हो म्हणून टाकतो.

परवा मुलाने व्हिडिओ कॉल केला. तो हर्नडनजवळ एका शाळेत बँड शिकवतो, नाण्यांत त्याला कधीच रस नव्हता. बापाने सांगितलं असणार, म्हणून म्हणाला, "शो मी द होल सेट, आई." मी फोन डब्यावर धरला. सहाच्या सहा, सगळे खळगे भरलेले. त्याने दोन सेकंद पाहिलं.

"द शायनी वन इज द बेस्ट," तो म्हणाला. "दॅट्स द रिअल वन, राइट?"

मी त्याला सांगितलं. चांदीवरचा थर म्हणजे काय, पेस्टने काय होतं, ओरखडे का पडतात, नाण्याचं वय कशावरून कळतं, पंधरा मिनिटं सांगितलं. मध्ये एकदा फोन दुसऱ्या हातात घेतला, इतका हात अवघडला. तो शांतपणे ऐकत होता, मान हलवत होता.

"ओके," तो म्हणाला. "बट स्टिल."